सेजोंग राजाने आदेशातून वगळलेलं कारण

प्रश्न असा आला आहे: ‘कोरियन मालिकांमध्ये बायका पडद्याआड, विधवा जन्मभर पांढऱ्या कपड्यांत, असंच दिसतं. कोरियात हे कायम असंच होतं का? आणि समलिंगी संबंध, किंवा बाई-पुरुष या चौकटीत न बसणारी माणसं त्या काळी होती का, की ते सगळं आत्ताचं?’

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं होती. दोन्ही एकदम विचारलंत हे बरं झालं, कारण ही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. मी वीसेक वर्षं जुन्या कोरियाचा इतिहास शिकवते आहे आणि हल्ली वर्गातली निम्मी मुलं मालिका बघूनच येतात. त्यात वाईट काही नाही. फक्त मालिका कुठल्या काळातली, हे आधी विचारायची सवय हवी. तुम्ही पाहता त्यांतल्या बहुतेक मालिका जोसन राज्याच्या आहेत. ते १३९२ ते १९१० असं पाचशेहून जास्त वर्षं चाललं, आणि जे बंदिस्त चित्र दिसतं ते त्याच्या उत्तरार्धात घट्ट झालेलं आहे.

जोसनच्या आधी गोर्यो, ९१८ ते १३९२. तिथे लग्न झालं की नवरदेव सासुरवाडीला जाऊन राहायचा, तोही चार दिवसांच्या पाहुणचाराला नव्हे, मुलं होऊन ती मोठी होईपर्यंत. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक नाक मुरडतात. तिथे रीतच ती होती. भाषेत तिचा माग अजून सापडतो. कोरियन पुरुष आजही लग्न करतो तेव्हा तो ‘जांगगा’ जातो, म्हणजे शब्दशः सासऱ्याच्या घरी जातो. बाई ‘शिजीप’ जाते, म्हणजे सासरी जाते. दोघंही एकाच वेळी एकमेकांच्या घरी निघालेत, असा तो गमतीचा प्रकार आहे.

मुलगी माहेरीच राहणार म्हटल्यावर वाटणीतही ती असणारच. जमीन आणि गुलाम मुलगा-मुलगी न बघता सारखे वाटले जात, आणि पितरांची कार्यंही भावंडं पाळीपाळीने करत. याबद्दलची एक गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. तेराव्या शतकात ग्योंगसांग प्रांतात सोन ब्योन नावाच्या अधिकाऱ्यापुढे बहीण-भावाचा खटला आला. आई आधीच गेलेली. बापाने मरताना सगळी मालमत्ता लग्न झालेल्या मुलीच्या नावे केली. लहानग्या मुलाला काय, तर एक काळा पोशाख, एक काळी टोपी, चपलांचा जोड आणि कागदाची एक गुंडाळी. भाऊ मोठा झाला आणि भांडू लागला. बहीण मृत्युपत्र दाखवू लागली. सोन ब्योन म्हणाला, आईबापाची माया मुलांमध्ये कमीजास्त नसते. पोराला सांभाळायला बहिणीशिवाय कुणी नव्हतं. त्याला अर्धा वाटा दिला असता तर तिने त्याला जीव लावला असता की नाही, ही बापाला शंका. म्हणून हे कागद: मोठा झालास की यावर अर्ज लिही, हा पोशाख, टोपी, चपला घाल आणि कचेरीत ये, तिथे कुणीतरी न्याय करेल. बहीण-भाऊ रडले, मालमत्ता निम्मी निम्मी झाली. गोष्टीचा कस कशात आहे पाहा: सगळं मुलीला गेलं याचा न्यायाधीशाला धक्का बसलेला नाही. वाटा असमान का, एवढंच त्याला कोडं पडलंय.

दुसरी नोंद त्याच शतकातली, १२७५च्या सुमाराची. पाक यू नावाच्या मंत्र्याने राजाला सुचवलं की देशात पुरुष कमी नि बायका जास्त आहेत, तेव्हा अधिकाऱ्यांना हुद्द्याप्रमाणे एकाहून अधिक बायका करू द्याव्यात. बातमी बायकांच्या कानावर गेली. पुढे दीपोत्सवाच्या मिरवणुकीत पाक यू राजाच्या मागून चालला होता, तेव्हा एका म्हातारीने बोट दाखवून म्हटलं, ‘दुसऱ्या बायका मागणारा तो हाच भिकारडा!’ बघता बघता रस्ताभर बोटंच बोटं. पुढे इतिहासकाराने कोरडेपणाने एक वाक्य लिहून ठेवलं आहे: त्या वेळच्या मंत्र्यांत बायकोला भिणारे काही होते, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

यावरून गोर्योला बायकांचा स्वर्ग समजू नका. गुलामगिरी होती, राजांच्या अनेक राण्या होत्या, राजघराण्यात सावत्र बहिणीशीही लग्नं लागत, आणि मंगोलांच्या वर्चस्वाच्या काळात मुली खंडणी म्हणून पाठवल्या गेल्या. पण विधवा पुन्हा लग्न करत होत्या आणि त्याचा कुणाला विटाळ नव्हता. ११२३ साली आलेल्या सोंग राज्याच्या चिनी वकिलाने नाक मुरडत लिहिलंय की इथे उन्हाळ्यात बायका-पुरुष ओढ्यावर एकत्र आंघोळ करतात.

मग हे पालटलं कशामुळे? १३९२ साली सत्तेवर आलेली मंडळी चू शीच्या, म्हणजे कन्फ्यूशियस या चिनी विचारवंताची शिकवण नव्याने मांडणाऱ्या चिनी तत्त्वज्ञाच्या, नवकन्फ्यूशियन विचाराची होती. त्यांचा हट्ट एकच: वंश बापाकडून मोजायचा आणि पितरांचं कार्य थोरल्या मुलाने करायचं. बाकी सगळं या एका खुंटीला टांगलेलं आहे. वंश बापाचा, तर खरी बायको कोणती हे ठरवायला हवं. म्हणून १४१३ साली एक पत्नी आणि बाकीच्या उपपत्नी असा कायद्याने भेद झाला आणि उपपत्नींच्या मुलांना पुढे सरकारी नोकरीच्या परीक्षांची दारं बंद झाली. १४३४ साली सेजोंगच्या काळात स्वामिभक्त, मातृपितृभक्त आणि पतिव्रता अशा तिन्हींच्या कथांचं सचित्र पुस्तक निघालं. चित्रं अशासाठी की न वाचता येणाऱ्यालाही कळावं.

विधवांच्या बाबतीतली युक्ती तर फार चलाख. १४७७ साली सोंगजोंग राजाने दरबारात विचारलं की विधवेच्या पुनर्विवाहाचं काय करायचं. बहुतेक अधिकारी म्हणाले, एकदा करू द्यावा, तरुण पोरींनी खायचं काय? राजाने अल्पमताची बाजू घेतली. पण १४८५च्या ‘ग्योंगगुक देजॉन’ या कायदेसंग्रहात विधवेला शिक्षा सांगितलेली नाही. पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलांना सरकारी परीक्षेला बसता येणार नाही, एवढंच आहे. बाईला हात न लावता तिच्या मुलाच्या भवितव्याला कुलूप लावलं आणि राखणदारी नातेवाइकांवर सोपवली. हा नियम १८९४च्या सुधारणांपर्यंत टिकला.

तरी समाज लगेच वाकला नाही. नवरीने नवऱ्याच्या घरी यावं याचा धडा घालून द्यायला सेजोंगने १४३५ साली राजकन्येचं लग्न नव्या पद्धतीने लावलं. लोकांनी पाहिलं आणि आपलं जुनंच चालू ठेवलं. १४७६ साली आंदोंगच्या क्वॉन घराण्याची जी वंशावळ छापली गेली तिच्यात मुलगे-मुली जन्माच्या क्रमाने आहेत, मुलींचे वंशजही सविस्तर आहेत, आणि एखादीचा दुसरा नवरा असेल तर ‘नंतरचा पती’ अशी सरळ नोंद आहे. आज कोरियाच्या ५०,००० वॉनच्या नोटेवर आदर्श माता म्हणून शिन साइमदांगचं (१५०४–१५५१) चित्र आहे. ती लग्नानंतर बरीच वर्षं गांगनुंगला माहेरी होती. तिचा प्रसिद्ध तत्त्वज्ञ मुलगा यी ई १५३६ साली आजोळच्याच घरात जन्मला. १५६६ साली त्या सात भावंडांनी केलेली वाटणी कागदावर उपलब्ध आहे, आणि त्यात बहिणींचे वाटे आहेत. ज्या माणसाला कोरियन कन्फ्यूशियन विचाराचा खांब म्हणतात त्याच्या घरातली ही गोष्ट.

खरा मोड सतराव्या शतकात आला. १५९२ ते १५९८ जपानी स्वाऱ्या, मग १६२७ आणि १६३६ साली उत्तरेकडून मांचूंच्या स्वाऱ्या. जमीन पिढ्यानपिढ्या तुकडे होऊन आधीच कमी झालेली, त्यात युद्धांचा मार. घराणं टिकवायचं तर जमीन एका हाती ठेवा, हे गणित तेव्हा पटलं आणि कन्फ्यूशियन तत्त्व त्याला आयतं मिळालं. १६६९ सालच्या बुआनच्या किम घराण्याच्या एका दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की मुली लग्न होऊन परघरी जातात, तेव्हा त्यांच्याकडे पितरांचं कार्य नको आणि जमिनीत वाटा एक तृतीयांश. माझ्या मते कुठलंही धर्मवचन वाचण्याआधी हा हिशेब वाचावा.

त्यानंतर पातिव्रत्याला भावच आला. पतीमागे जीव देणाऱ्या किंवा जन्मभर विधवा राहिलेल्या बाईच्या नावे सरकार कमान उभारायचं आणि त्या घराला वेठबिगारीतून सूट द्यायचं. म्हणजे परीक्षांशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा घरांनाही सुनेच्या पातिव्रत्यात रस वाटू लागला. पाक जीवॉन या लेखकाने १७९३ साली यावर जे लिहिलं त्याला तोड नाही. दोन अधिकारी भाऊ एका माणसाची नेमणूक अडवायचं बोलत असतात, कारण त्याच्या पूर्वजांतल्या एका विधवेबद्दल कुजबुज आहे. त्यांची विधवा आई विचारते, तुम्ही पाहिलंत? मग उराशी जपलेलं तांब्याचं एक नाणं काढून दाखवते. कडा झिजलेल्या, अक्षरं पुसलेली. झोप येईना अशा रात्री ती हे नाणं खोलीत घरंगळत सोडायची, अंधारात चाचपून शोधायची, पुन्हा सोडायची. असं पाचसहा वेळा झालं की उजाडायचं. मुलं गळ्यात पडून रडली. पतिव्रतेच्या कमानी पुष्कळ उभ्या राहिल्या, पण त्यांच्या आत काय होतं ते या नाण्याइतकं मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

आता दुसरा प्रश्न. इथे आधी दोन फसव्या उदाहरणांची वासलात लावते, कारण इंटरनेटवर तीच सगळ्यात जास्त फिरतात. एक, गोर्योच्याही आधीच्या सिल्ला राज्याचे ‘ह्वारांग’. देखण्या तरुणांना निवडून नटवत आणि त्यांच्याभोवती पथकं उभी राहत, हे ११४५ सालच्या ‘समगुक सागी’ या इतिहासग्रंथात आहे. त्यावरून ते समलिंगी होते असा निष्कर्ष काढणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. आणि ज्या ‘ह्वारांग सेगी’तले रसभरीत संबंध लोक सांगतात ती हस्तलिखित प्रत १९८९ साली बुसानमध्ये उजेडात आली, तिच्या खरेपणावर तेव्हापासून वाद आहे. मी ती पुरावा म्हणून वापरत नाही.

दोन, गोर्योचा राजा गोंगमिन (कारकीर्द १३५१–१३७४). लाडकी मंगोल राणी १३६५ साली बाळंतपणात गेली. १३७२ साली त्याने देखण्या सरदारपुत्रांचं एक पथक राजवाड्यात ठेवलं. तो बाईसारखा नटायचा, त्या पोरांशी त्याचे संबंध होते, असं ‘गोर्योसा’ हा गोर्योचा इतिहासग्रंथ सांगतो. १३७४ साली त्या पथकातल्याच एकाने आणि राजवाड्यातल्या एका खोजाने त्याचा खून केला. पण हा इतिहास १४५१ साली पुरा झाला, तोही गोर्यो बुडवणाऱ्या जोसनच्या दरबारात. गोंगमिननंतरचे दोन राजे त्याच्या रक्ताचेच नव्हते, हा जोसनचा दावा. मग गोंगमिनला मूल होऊच शकत नव्हतं असं दाखवणं कुणाच्या सोयीचं, ते तुम्हीच ठरवा. असे संबंध असतीलही. मात्र सांगणारा साक्षीदार या खटल्यात पक्षकार आहे.

भक्कम काय आहे ते जोसनच्या ‘सिल्लोक’ म्हणजे राज-बखरींमध्ये. तिथे एक नियम लक्षात ठेवा: दरबारात इतिहासलेखक बसून लिहायचा, राजा मेल्यावर ते संकलित व्हायचं, आणि स्वतःची बखर वाचायचा अधिकार राजालाही नव्हता. त्यामुळे राजाने झाकलेली मूठ लेखकाच्या कागदावर उघडीच राहायची.

१४३६ साली सेजोंगने, हो, तोच कोरियन लिपी घडवणारा, आपल्या युवराजाची दुसरी पत्नी बोंग हिला पदावरून काढून घरी धाडलं. पहिल्या सुनेलाही १४२९ साली असंच घरी धाडलं होतं. नवरा वश व्हावा म्हणून तिने त्याच्या आवडत्या बायकांचे जोडे जाळून ती राख दारूतून त्याला पाजायचा घाट घातला होता. बोंग हिच्यावर जाहीर आदेशात ठेवलेले आरोप असे: मत्सर, मुलगा नाही, दासींकडून प्रणयगीतं गाऊन घेणं, आणखी तशाच चारदोन गोष्टी. पण आदेश काढण्याआधी सेजोंगने विश्वासातल्या मंत्र्यांना खरं सांगितलं आणि ते बखरीत जसंच्या तसं आहे. बोंग सोसांग नावाच्या दासीबरोबर झोपत होती. राजाने दासीला स्वतः विचारलं. तिने सांगितलं की युवराज्ञीने तिला आत बोलावून बळजबरी केली, एरवीही सारखी जवळ हवी असे, आणि ‘माझं तुझ्यावर इतकं प्रेम आहे, तुझं माझ्यावर नाही’ म्हणून रुसायची. सोसांग इतर दासींना म्हणायची, बाईसाहेबांचं हे प्रेम बघून भीती वाटते. बोंगला विचारलं तर ती म्हणाली, झोपणारी मी नव्हे. सोसांगचं दुसऱ्या एका दासीशी, दानजीशी आहे, रात्री तर सोडाच, दिवसासुद्धा त्या गळ्यात गळा घालून असतात. सकाळी अंथरूण उचलायचं काम दासींचं, पण बोंग स्वतः उचलायची आणि गुपचूप धुवायला द्यायची, हेही लेखकाने सोडलेलं नाही. मग सेजोंगने मंत्र्यांना बजावलं की हा प्रकार ओंगळ आहे, आदेशात घालू नका.

या नोंदीतून ‘पंधराव्या शतकातली समलिंगी युवराज्ञी’ असा मथळा काढू नका. आधी हे बघा की सोसांग दासी होती. तिला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि तिच्या जबानीत प्रेमापेक्षा भीती जास्त आहे. सोसांग आणि दानजी यांच्यात मात्र मालकीण-दासी हे नातं नाही. शिवाय सेजोंग त्याच बैठकीत सांगतो की राजवाड्यातल्या दासी आपसांत झोपतात हे त्याला आधीच ठाऊक होतं आणि त्याने त्यावर ७० फटक्यांची शिक्षा लावली होती, न थांबल्यास आणखी १००. कायदा करावा लागला, म्हणजे प्रकार एकदुसरा नव्हता. याला शब्दही रुळलेला होता: ‘देसिक’, समोरासमोर बसून जेवणं. शेकडो बायका, बहुतेक लहानपणी आणलेल्या, लग्नाची मुभा नाही. त्यांनी एकमेकींत घर शोधलं, त्याला नाव पंगतीचं मिळालं.

पुरुषांमधला असा उघड जोडीदारपणा उत्तर-जोसनच्या फिरत्या ‘नामसादांग’ खेळियांत सापडतो. सगळे पुरुष, नवी पोरं मुलीच्या वेशात, जोड्यांना ‘सुत-दोंगमो’ आणि ‘आम-दोंगमो’, म्हणजे नर-सोबती आणि मादी-सोबती. समाजाच्या तळाशी असलेल्या या लोकांच्या वंशाची वा वारशाची कुणाला पडलेली नव्हती. त्यांच्या खेळाला २००९ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. जोड्यांचा उल्लेख माहितीपत्रकात सहसा नसतो.

आता चौकटीत न बसणारी माणसं. १४६२ साली साबांगजी नावाच्या गुलामाचं प्रकरण दरबारात आलं. आईने लहानपणापासून मुलीचे कपडे घातलेले, शिवणकाम शिकवलेलं. वाढल्यावर एका उच्चकुलीन विधवेच्या घरी त्याचा वावर. ती विधवा म्हणजे यी सुन-जी या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाची मुलगी, आणि तिचा मुलगा चोंग इन-जी या बड्या मंत्र्याचा जावई. तपासणी झाली, तेव्हा अंगावर बाई-पुरुष दोन्हींच्या खुणा निघाल्या, पुरुषाच्या जास्त. अधिकाऱ्यांना कडक शिक्षा हवी होती. सेजो राजा उलट चौकशी करणाऱ्यांवरच चिडला: हा तर आजारी माणूस, आणि मोठ्या घराची अब्रू कशाला वेशीवर टांगता? साबांगजीला विधवेच्या बापाच्या हवाली केलं, त्याने त्याला गावी धाडलं. पुढे दोघं पुन्हा एकत्र आल्याची बोंब झाली आणि १४६७ साली, आता बाप हयात नव्हता, साबांगजीला दूरच्या गावात सरकारी गुलाम करून पाठवलं. राजा तेव्हा म्हणाला, हा माणसांत मोडत नाही. पाच वर्षांत साबांगजीचं शरीर बदललं नव्हतं. मध्ये उभा राहणारा विधवेचा बाप तेवढा गेला होता.

याची तुलना ओऊदोंगशी करा. राजघराण्यातल्या माणसाची ही टाकलेली बायको. तिचे अनेक पुरुषांशी संबंध उघडकीला आले. कायद्याने तिला हद्दपारीच होती. सोंगजोंगने हट्टाने १४८० साली फाशी दिली. तिच्याबरोबरचे पुरुष काही काळाने माफी मिळून परतले. वरच्या वर्गातल्या बाईच्या पोटी कुणाचा वंश वाढतोय, ही त्या दरबाराची खरी धास्ती. ती धास्ती नव्हती तिथे, म्हणजे गिसेंग नाचणारणी आणि दासींच्या बाबतीत, पुरुषांची मर्जी हाच नियम होता.

सगळ्यात छोटी नोंद १५४८ची. पार उत्तरेकडच्या गिलजू इथला इम सोंगगुजी: शरीरात दोन्ही खुणा, एका नवऱ्याकडे नवरी म्हणून गेलेला आणि एक बायको लग्न करून आणलेली. प्रांताधिकाऱ्याने हा भयंकर प्रकार म्हणून राजधानीला कळवलं. दरबारात साबांगजीचा दाखला निघाला आणि ठरलं की जीव घेऊ नये, आडबाजूला एकटं ठेवावं. राजधानी हादरली ते ठीक. पण दोन लग्नं लागली, म्हणजे गिलजूत निदान दोन घरं तरी होती, एक सून म्हणून घेणारं आणि एक जावई म्हणून.